बोरीचं झाड

मोबाइलच्या दुकानांत आता इथलीच माणसं बसणार असा नियम आला आणि जेद्दातली यांची नोकरी गेली. कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर यांचा व्हिसा होता त्या मालकाने, सांगितलं, खलास. यांनी ते मला जेवताना सांगितलं. रत्नागिरीला परत जायचं याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. मला एकच गोष्ट आठवली. मी म्हटलं, "जायच्या आधी मला एकदा फैफाला न्या."

हे भातात आमटी कालवत राहिले. मग म्हणाले, "लांब आहे गो."

"माहीत आहे मला."

मी सहसा काही मागत नाही, म्हणून यांना नाही म्हणता आलं नाही.

जेद्दाला येण्याआधी आम्ही फैफाच्या डोंगराच्या पायथ्याशी राहायचो. तिथल्या इस्पितळात आमची मुलगी झाली आणि दुसऱ्या दिवशी गेली. मी खाटेवर होते. हे आणि यांच्या तिथल्या दुकानातली माणसं तिला डोंगराच्या उतारावरच्या कबरस्तानात घेऊन गेली. तिकडे बायका कबरस्तानात जात नाहीत. कबरीवर नाव लिहीत नाहीत, नुसता दगड ठेवतात. हे परत आले तेव्हा मी विचारलं, कुठे ठेवलीत तिला? हे म्हणाले, "बोरीच्या झाडाखाली. चांगली सावली आहे."

त्या एका झाडावर मी पुढचे दिवस काढले. जेद्दाच्या खोलीत खिडकीसमोर भिंत होती. कपडे वाळत घालताना मला त्या भिंतीवर बोर दिसायची. बोरं पिकली असतील, तिच्या अंगावर पडत असतील, असं वाटायचं. हे मी कोणाला बोलले नाही.

यांच्या ओळखीच्या एका टॅक्सीवाल्याबरोबर आम्ही गेलो. पायथ्याला उकाडा होता आणि वर चढू लागलो तसं धुकं आलं. पायथ्याशी राहूनही मी हा डोंगर कधी चढले नव्हते. उतारावर पायऱ्या पायऱ्यांची शेतं होती, दगडांचे बांध घातलेली, आणि त्यांत कॉफीची झाडं. गावी कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, सगळ्यांना अरबस्तान म्हणजे वाळूच वाटते. इथे प्रत्येक डोंगरावर वेगळी जमात, आणि एका डोंगराची बोली दुसऱ्या डोंगरावर पुरती कळत नाही, असं हे म्हणाले. रस्त्यात भेटलेल्या पुरुषांच्या डोक्यावर हिरव्या पाल्याचे आणि फुलांचे गजरे होते. वास ओळखीचा आला. तो सब्जा होता. आमच्याकडे सब्जा कबरीवर घालतात. इथे माणसं तो डोक्यावर घालून बाजाराला निघाली होती.

मी यांना एक गजरा घ्यायला लावला. म्हटलं, "आत जाल तेव्हा तिच्यावर ठेवा."

"इथे चालत नाही असलं काही."

"कोणी बघत नसेल तेव्हा ठेवा."

कबरस्तानापाशी पोचलो तोवर धुकं विरून ऊन पडलं होतं. मी भिंतीबाहेर उभी राहिले. भिंत माझ्या डोक्यापेक्षा उंच होती. हे आत गेले आणि लगेच परत आले. गजरा हातातच होता. म्हणाले, "माणसं आहेत आत."

मला आतून कोणाचाच आवाज आला नव्हता.

तेवढ्यात वरच्या शेतातून एका म्हातारीने हाक मारली. पाठीवर टोपली, डोक्याला पिवळा रुमाल, त्यात सब्जा खोचलेला. ती यांना काहीतरी म्हणाली आणि स्वतःच हसली. मी विचारलं, काय म्हणते? "म्हणते, बायकोला उन्हात उभी केलीस, तुझ्या देशात बसायला सांगत नाहीत का? वर या म्हणते. तिथून भिंतीच्या आतलं सगळं दिसतं."

मी यांच्याआधी निघाले. चढताना दम लागला, तर म्हातारी माझ्या पायांकडे बघून परत काहीतरी बोलली. हे म्हणाले, "तुझे पाय समुद्राकाठचे आहेत म्हणते, डोंगराचे नाहीत."

तिच्या अंगणात कॉफीची लाल फळं वाळत घातली होती. तिने आम्हाला फळांच्या टरफलांचं आलं घातलेलं गरम पाणी दिलं, चहासारखं. मी कप हातात घेऊन बांधापाशी गेले आणि खाली बघितलं.

पूर्ण कबरस्तान दिसत होतं. माती आणि दगड. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकही झाड नव्हतं. झाड तोडल्याचं खोडही नव्हतं.

"बोर कुठाय?" मी विचारलं.

हे माझ्या शेजारी उभे होते. म्हणाले, "तू तेव्हा खाटेवरून उठत नव्हतीस गो. खात नव्हतीस. काहीतरी सांगायला हवं होतं."

"मग तिची कुठली?"

यांनी हात उचलला आणि एका कोपऱ्याकडे केला. तिथे लहान लहान दगड होते, खूप. "लहान मुलं सगळी त्या बाजूला. त्यातली कुठली ते... मी बघितलंच नाही. त्यांनी माझ्या हातातून घेतली आणि मी तोंड फिरवलं."

मला रागवायचं होतं. पण यांचा हात अजून तसाच वर होता, खाली घ्यायचं विसरल्यासारखा. मी त्या कोपऱ्याकडे तोंड करून फातिहा पढायला लागले. कुठल्या दगडावर नजर ठेवावी ते कळेना. एकावर ठेवली की दुसरा तिचा वाटायचा.

म्हातारीने यांना विचारलं असावं, कारण हे तिच्याशी हळू बोलले. ती माझ्याजवळ आली. यांच्या हातातला गजरा घेऊन तिने माझ्या ओढणीवर ठेवला आणि नीट बसवला. मग खाली बोट केलं, एकदा आणि लगेच दुसऱ्यांदा, जरासुद्धा न शोधता.

"तिची दोन आहेत तिथे," हे म्हणाले. "रोज फळं तोडताना बघते म्हणते."

म्हातारीला आपली दोन्ही माहीत होती, कारण ती इथे राहत होती. आमचं तर विमान ठरलं होतं.

मी यांना म्हटलं, "तिला सांगा, ती तिच्या मुलांकडे बघेल तेव्हा त्या कोपऱ्यात आमची पण आहे. तिकडे पण जरा बघत जा म्हणावं."

हे सांगायला लागले. अर्ध्यातच सोडून हे वळले आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेले. म्हातारीला किती कळलं ते मला माहीत नाही. मला तिची भाषा येत नव्हती, तिला माझी. मी त्या कोपऱ्याकडे बोट केलं, मग माझ्या छातीवर हात ठेवला. तिने त्या दगडांकडे बराच वेळ बघितलं, आणि माझा कप पुन्हा भरला.