दादाच्या फोनवर आलेले काठमांडूचे फोटो

मैत्रिणींनो, शाळेच्या या ग्रुपवर आपण जुन्या वर्गमैत्रिणीच आहोत, म्हणून इथेच लिहिते.

आज पहाटे माझा मोठा भाऊ गेला. त्याची नात सई कॉलेजच्या ग्रुपबरोबर काठमांडू बघायला गेली आहे. तिचे बाबा मला म्हणाले, "आत्या, पोट्टीले आत्ता नको सांगू. परक्या देशात एकटीच रडत बसंल. परवा घरी आली का सांगू."

दुपारी दादाला घेऊन गेले. घरात आम्ही बायकाच उरलो, आणि दादाचा फोन वाजू लागला. सई फोटो पाठवत होती: राजवाडा, स्तूपाभोवतीची कबुतरं, मोमो खाणाऱ्या मैत्रिणी.

मग मेसेज आला, "आबा, आज गुड मॉर्निंग भी नहीं भेजा. नाराज़ हो क्या?"

ती घाबरेल म्हणून मी त्याच्याच फोनवरून लिहिलं, "फोटो छान आहेत बेटा. मजेत फिरून घे."

लगेच उत्तर आलं, "लव्ह यू आबा! आपके लिए रुद्राक्ष की माला ली है."

आबा पहाटेच गेले हे तिला कुणी सांगितलं नाही, तर त्यांचा शेवटचा मेसेज म्हणून सई हाच जन्मभर जपेल. तो मी लिहिला होता, हे तिला सांगू का गं?