उजवी बाजू

फिटरना अर्धांगाचा झटका आला तेव्हा ते दाढी करत होते. एका गालावर साबण, दुसरा गाल गुळगुळीत, अशा अवस्थेतच त्यांना दवाखान्यात नेलं. तिथून घरी आणलं तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय नुसते अंगाला लटकत होते, आणि तोंडात एकच शब्द शिल्लक राहिला होता, ‘अगं’.

लग्न झाल्यापासून बायकोला ते याच शब्दाने हाक मारत आले होते. आता तहान लागली तरी अगं, पाठ अवघडली तरी अगं, पंखा बंद करायचा असला तरी अगं. दवाखान्यात चांगल्या मिशीवाल्या डॉक्टरांनाही ते ‘अगं’ म्हणाले होते, तेव्हा नर्सला हसू आवरेना. काकूही हसल्या. मग जिन्यात जाऊन भिंतीला डोकं लावून रडल्या.

काकू म्हणजे फिटरची बायको. दवाखान्याच्या धुलाईखात्यात त्यांनी उभा जन्म काढला होता. वाफेत उभं राहायचं, डागाळलेल्या चादरी उकळायच्या, सोड्याने सोललेल्या बोटांनी घरी येऊन पुन्हा भांडी घासायची. फिटर कारखान्यात लेथवर होते. म्हणजे ते खरे टर्नर. पण कुणाचा पंप बंद पडला, कुणाचं कुलूप अडकलं की लोक त्यांनाच बोलवायचे, म्हणून गल्लीने त्यांचं फिटर करून टाकलं. अख्ख्या गल्लीची दुरुस्ती करणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या मोरीतला नळ मात्र कायम ठिबकत असे.

आणि मागच्या दाराबाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये, त्यांची मोटरसायकल पडून होती.

ती त्यांनी लग्नाआधी भंगारातून उचलून उभी केली होती. जाडजूड, काळ्या टाकीची, एका सिलिंडरची जुनी गाडी. काकूंची पाळी सुटायची तेव्हा फिटर दवाखान्याच्या फाटकापाशी तिच्यावर बसून वाट बघत असायचे. धुलाईखात्यातल्या बायका कोपराने ढोसायच्या, “जा बाई, तुझी तोफ आली.” काकू मागे बसायच्या, आणि दिवसभर वाफेने उकडलेल्या तोंडावर वारा लागायचा. आयुष्यात चैन म्हणून त्यांनी केली असेल तर तेवढीच.

मग एके दिवशी भर रस्त्यात इंजिन जाम झालं. दोघांनी गाडी ढकलत घरी आणली. “रविवारी बघतो,” फिटर म्हणाले. पण रविवारी कारखान्यात जादा पाळी आली, नंतर मुलगी झाली, तिचं आजारपण, तिची शाळा, तिचं लग्न. गाडीवर प्लास्टिक आलं, प्लास्टिकवर धूळ आली, हँडलवर काकू फडकी वाळत घालायला लागल्या. निवृत्त झाल्यावर फिटरनी एकदाचं प्लास्टिक काढलं, कार्ब्युरेटर उतरवून ठेवला, नट-बोल्ट सोडवायचे पाने मांडले. आणि त्याच आठवड्यात तो झटका आला.

घरी आल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची. मन लावून काम करणारी, पण फिटर तिला हात उचलू द्यायचे नाहीत. घास तोंडात तसाच धरून ठेवायचे. काकू उशीपाशी बसून आर्जवं करायच्या, मग चिडायच्या, मग पुन्हा आर्जवं. एकदा पाठ पुसताना त्यांच्या मनात येऊन गेलं, हे सुटले तर बरं होईल. त्यांनी फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं आणि पुसलेली पाठ परत पुसायला घेतली.

धाकटा दीर अधूनमधून यायचा. तो म्हणाला, “वहिनी, ती गाडी देऊन टाका. जुन्या गाड्यांचा एक शौकीन आहे माझ्या ओळखीचा. शेड मोकळी होईल, दादांची चाकांची खुर्ची तरी फिरेल तिथे.”

काकूंनी मान हलवली. हो-ना करायलाही त्यांच्यात त्राण नव्हतं.

शौकीन आला. स्वच्छ बुटांचा, गोड बोलणारा माणूस. त्याने टाकीवर टिचक्या मारल्या, चाकं फिरवून बघितली आणि खोक्यातला कार्ब्युरेटर उचलून उजेडात धरला. तेवढ्यात आतून ओरडा आला. “अगं! अगं! अगं!” पाठोपाठ काहीतरी धप्पकन पडलं. काकू धावल्या. फिटर पलंगावरून खाली आले होते आणि डाव्या कोपरावर अंग ओढत दाराकडे निघाले होते. तोंडातून लाळ गळत होती, पण डोळे जिवंत होते. कितीतरी दिवसांनी जिवंत होते.

“नाही द्यायची,” काकू दिराला म्हणाल्या. “त्यांना सांगा, चहा घ्या आणि जा.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी फिटरची खुर्ची शेडमध्ये ढकलत नेली. स्वतः जमिनीवर बसल्या, पान्यांचं खोकं पुढ्यात घेतलं. “आता सांगा. मला यातलं ओ का ठो कळत नाही. तुम्ही बोटाने दाखवायचं, मी करायचं.”

फिटर त्यांच्याकडे बघत राहिले. मग डावा हात हळूच उचलून त्यांनी एका पान्याकडे बोट केलं. काकूंनी शेजारचा उचलला. “अगं!” तो नव्हे. “अगं, अगं!” शेवटी बरोबर पाना हाती आला तेव्हा नुसतंच, खालच्या पट्टीतलं, “अगं.” काकूंना त्या एका शब्दाच्या चढउतारावरून चूक-बरोबर ओळखायची सवय होत गेली.

पिस्टन सिलिंडरमध्ये गंजून घट्ट बसला होता. प्लगच्या भोकातून रॉकेल आणि ऑइल घालून ठेवायचं, मुरू द्यायचं, पुन्हा घालायचं. काकूंना हे जमलं. चिवट डाग कसा भिजत घालायचा असतो ते त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. मग वरचं झाकण उघडून लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने हळूहळू ठोकायचं. मग एक दिवस पिस्टन जरासा सरकला. काकूंना विश्वास बसेना. त्यांनी फिटरकडे बघितलं तर ते आधीच हसत होते, अर्ध्या तोंडाने.

पण सगळेच दिवस असे नव्हते. एकदा गंजलेला बोल्ट सोडवताना काकूंनी पाना उलट्या दिशेने फिरवला आणि बोल्टचं डोकं तुटलं. फिटरनी मांडीवरचा पाना उचलून सरळ फेकला. तो काकूंच्या भुवईवर लागला. रक्त गालावरून ओघळून मानेपर्यंत आलं.

काकूंनी भुवईला हात लावून बोटं बघितली. मग इतक्या वर्षांत कधी चढला नव्हता तो आवाज चढला. “मारा! आणखी मारा! डोळा गेला असता म्हणजे? तुम्हाला पाणी कोण पाजणार होतं मग? तुमच्या खालचं कोण काढणार होतं? सगळा जन्म मी ऐकत आले, रविवारी बघतो, रविवारी बघतो. आता मी बघतेय तर मला मारताय!”

फिटरनी मान खाली घातली. त्यांचा डावा हात हवेत काहीतरी शोधत राहिला. मग ते रडायला लागले, लहान मुलासारखे, आवाज करून. काकूंनी फडक्याने भुवई दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने त्यांचं नाक पुसलं. त्या दिवशी काम तिथेच थांबलं. भुवईवर वण राहिला तो राहिलाच.

त्यानंतर मात्र फिटर स्वतःही हात लावायला लागले. मांडीवर ताट घेऊन डाव्या हाताने बारीक तारेने कार्ब्युरेटरची भोकं साफ करायचे. साखळीची एकेक कडी रॉकेलच्या ब्रशने घासायचे. भूक लागायला लागली. व्यायामवाल्या मुलीला ते आता पाय उचलू देत. ती म्हणाली, “काकू, काय जादू केलीत हो? पायात थोडी ताकद येतेय.” सिलिंडरला आतून चरे पडले होते, तो घासून घ्यायला काकू कापडी पिशवीत घालून बसने वर्कशॉपमध्ये घेऊन गेल्या, मांडीवर ठेवून, बाळ नेल्यासारखा. शेजारच्या सीटवरच्या बाईने विचारलं, “काय आहे हो?” काकू म्हणाल्या, “आमच्या ह्यांचं औषध.”

लेकीचा फोन यायचा. “आई, बाबांना चांगल्या शुश्रूषा केंद्रात ठेवू या. तुझ्याने किती दिवस होणार?” काकू म्हणायच्या, “गाडी होऊ दे, मग बघू.” लेकीला वाटायचं आईचं डोकं फिरलंय.

गाडी झाली. थंडी सरत आली होती, सकाळची वेळ होती. किक मारायला काकूंच्या पायात जोर नव्हता, म्हणून शेजारच्या प्लंबरला बोलावलं. तो आडदांड, हसरा गडी. किक मारून मारून त्याला घाम फुटला. इंजिन नुसतं खोकायचं आणि गप्प व्हायचं. फिटरनी बोटाने हवेचा स्क्रू दाखवला, काकूंनी तो जरासा सोडला. प्लंबरने पुन्हा सगळा भार टाकला, आणि इंजिन पेटलं. शेड पांढऱ्या धुराने भरली. पत्रे थरथरले. धक, धक, धक, तोच तो आवाज. काकूंचा हात आपोआप तोंडावर गेला.

फिटरनी सीटकडे बोट केलं.

“बसायचंय? बसवू की!” प्लंबर म्हणाला. गाडी स्टँडवर होती. दोघांनी मिळून त्यांना उचललं, पाय पलीकडे टाकला. प्लंबर पाठीशी आधार देऊन उभा राहिला. फिटरनी डाव्या हाताने क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला. अगदी पूर्वीसारखा. चेहरा असा उजळला होता की काकूंना वाटलं, झालं, सगळ्याचं सार्थक झालं.

मग फिटरनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि अॅक्सिलरेटरवर ठेवला. बोटं मिटेनात. हात घसरून मांडीवर पडला. त्यांनी तो पुन्हा उचलून ठेवला, पुन्हा पडला. काकू समोरच उभ्या होत्या. त्यांना तेव्हा कळलं. इतके दिवस रोज या गाडीशी झटून जे लक्षात आलं नाही ते तेव्हा कळलं. अॅक्सिलरेटर उजवीकडे, पुढचा ब्रेक उजवीकडे, किक उजवीकडे. त्या जुन्या घडणीच्या गाडीचा गिअरसुद्धा उजव्या पायाला. गाडीला हलवणारं जे जे होतं ते सगळं उजव्या बाजूला होतं.

फिटरनी डावा हात छातीवरून पलीकडे नेला आणि वाकड्या अंगाने अॅक्सिलरेटर पिळला. इंजिन गरजलं. “वा काका, वा!” प्लंबर ओरडला. तो मागे होता, त्याला तोंड दिसत नव्हतं. फिटरनी हात मागे घेतला, किल्ली चाचपली आणि स्वतःच इंजिन बंद केलं.

त्या दिवसानंतर ते शेडमध्ये गेले नाहीत. काकू खुर्ची त्या दिशेने वळवायच्या तर ते डाव्या हाताने दाराची चौकट घट्ट धरून ठेवायचे. जेवण पुन्हा तोंडात राहायला लागलं. व्यायामवाली मुलगी येऊन नुसती बसून जायची.

काकूंनी एक युक्ती केली. कार्ब्युरेटर सोडवून ताटात घालून पलंगापाशी आणला. “अहो, पेट्रोल गळतंय बघा. मला काही उमगत नाही. बघता का जरा?”

फिटरनी तो हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला. काय सैल केलंय आणि कुणी केलंय, हे त्यांना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी ताट बाजूला सारलं. हात वर करून काकूंच्या भुवईवरच्या वणावरून अंगठा फिरवला, एकदाच. मग भिंतीकडे वळले.

छातीत कफ साठला, ताप चढला. एका दुपारी काकू पाणी आणायला आत गेल्या आणि परत आल्या तेव्हा श्वास थांबला होता.

सगळं आटोपल्यावर काकूंनी व्यायामवाल्या मुलीला दारात गाठलं. “एक विचारू? गाडी मी अर्धीच ठेवली असती तर? काहीतरी उरवायला हवं होतं का मी?”

मुलगी गोंधळली. “नाही सांगता येणार, काकू,” ती म्हणाली. “तुम्ही त्यांच्यासाठीच केलंत ना सगळं.”

“माझ्यासाठीही केलं,” काकू म्हणाल्या. “मला तो आवाज ऐकायचा होता.”

गाडी त्यांनी प्लंबरला दिली. तो घ्यायला तयार नव्हता, पण काकूंनी ऐकलं नाही. तो तिच्यावर पाइप बांधून कामाला जातो. सकाळी गल्लीत ती सुरू झाली की काकू हातातलं काम सोडून उभ्या राहतात. वळणापर्यंत आवाज येतो, मग रहदारीत मिसळून जातो. एकदा ती सुरू होईना, तेव्हा काकूंनी बाहेर जाऊन प्लग काढला, पुसला, बसवला. प्लंबरच्या एका किकमध्ये ती पेटली. तो बघतच राहिला. काकू हात पुसत आत आल्या.

लेक म्हणते, आता तरी माझ्याकडे ये. काकू म्हणतात, बघू. ती विचारते, दिवसभर करतेस काय तिथे एकटी? तेवढ्यात गल्लीत गाडी सुरू होते. काकू फोन कानाला तसाच धरून तो आवाज वळणापर्यंत जाईतो ऐकत राहतात, आणि पलीकडून लेक “आई? आई, आहेस ना?” म्हणत राहते.