साडेनऊचा तक्ता

मोठ्या सिस्टरांचा वॉर्डात असा दरारा होता, की शिकाऊ डॉक्टर त्यांना लांबून बघूनच ॲप्रनची बटणं लावायचे. सख्ख्या भाचीलाही सूट नव्हती. ती त्यांच्याच घरी राहून डॉक्टरकी शिकत होती, शेवटच्या वर्षाला होती. पण वॉर्डात चुकून "मावशी" म्हणाली, की यांना ऐकूच यायचं नाही. आई नसलेली पोर. तिला वाढवताना यांचं लग्न लांबत गेलं आणि राहूनच गेलं. त्यांच्या हाताखालच्या नर्सला, म्हणजे मला, हे ठाऊक होतं, कारण सोळा वर्षं आमचे डबे एकाच टेबलावर उघडत होते.

त्या सोमवारी दोन नर्स रजेवर होत्या. तक्ते भरायला शिकाऊ डॉक्टरही लावले होते. नऊ नंबरच्या कॉटवरच्या आजोबांना एक्स-रेला नेलं आणि दहाच्या सुमारास ते तिथल्या बाकावरून घेरी येऊन खाली पडले. रक्तदाब पार घसरलेला. धावाधाव झाली, वाचले बिचारे. मग मोठ्या डॉक्टरांनी कॉटचा तक्ता मागवला. त्यात साडेनऊचा रक्तदाब लिहिला होता, एकशेवीस-ऐंशी, आणि पुढे भाचीची सही. आजोबा स्ट्रेचरवर आणि कागदावर तब्येत ठणठणीत! साडेनऊला खरंच मोजायचा म्हणून ती बाकापर्यंत गेली असती, तर ते पडण्याआधीच कळलं असतं.

भाचीनं सांगितलं, "मी वॉर्डातच मोजला. त्यांना पावणेदहाला नेलं." चौकशी समिती बसली. खोटी नोंद ठरली तर कॉलेजातून तिचं नाव कमी होणार होतं. आजोबांना कधी नेलं, हे सिस्टरांच्या एका वाक्यावर ठरणार होतं, कारण एक्स-रेची चिठ्ठी त्यांनी दिली होती आणि वहीत वेळ लिहायची राहिली होती.

चौकशीच्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही.

"सव्वानऊला नेलं त्यांना," त्या हळूच म्हणाल्या. "काल विचारलं तिला. म्हणते, सगळेच टेबलावर बसून तक्ते भरतात, मावशी. कानाखाली वाजवणार होते. हातच उचलला नाही गं."

"मग पावणेदहा सांगून टाका ना!" मी म्हणाले. "कोण विचारतंय? पोरीचं आयुष्य आहे."

त्या नुसता डबा पुसत राहिल्या, तो स्वच्छ असूनही.

समितीच्या खोलीत तक्ता घेऊन मीच गेले. लांब टेबलामागे तिघं, समोर भाची, पांढरीफटक. अध्यक्षांनी विचारलं, "सिस्टर, रुग्णाला किती वाजता नेलं?"

"सव्वानऊला."

भाचीनं एकदम त्यांच्याकडे पाहिलं.

"अजून एक," सिस्टर म्हणाल्या. "त्याच ओळीत तापाचा रकाना बघा. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. अक्षर माझं आहे. तेव्हा आजोबा वॉर्डात नव्हते, तरी मी ताप लिहिला. घाई असली की लिहिते. पोर पहिल्या वर्षापासून माझ्या वॉर्डात येते, साहेब. तिनं हे पुस्तकात नाही वाचलेलं."

अध्यक्षांनी चष्मा काढला.

भाचीचं नाव राहिलं, वर्ष गेलं. सिस्टरांना निवृत्तीला आठ महिने असताना लेखी ठपका आणि दुसऱ्या विभागात बदली. जाताना कपाटाच्या किल्ल्या त्यांनी माझ्याकडे दिल्या आणि वॉर्ड माझ्या हाती आला. आता शिकाऊ पोरं मला बघून बटणं लावतात.

त्या ओळीत तिसरा रकाना होता, नाडीचा. बहात्तर. तो मी भरला होता, टेबलावर बसून. समितीनं विचारलं नाही. सिस्टरांना माझं अक्षर सोळा वर्षं ओळखीचं होतं. त्यांनीही विचारलं नाही.