सागाच्या पानाची खिडकी

गोकुळा, माझी बायको, चांद्याच्या परकोटात, किल्ल्याच्या तटाआत वाढलेली. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. तिच्या बापाच्या घरी भिंतीची न्हाणी होती. आमच्या गावी, मार्कंड्याहून दोन कोसांवर, न्हाणी म्हणजे बांबूची तट्टी, आणि तीही बाजाराच्या वाटेला लागून. बंडीतला माणूस उंच बसतो आणि बैल हळू चालतात. सहा महिने ती झुंजुमुंजूच्या आधी उठून न्हायली. मग पोळ्याला माहेरी गेली आणि तिथून निरोप धाडला, "भिंतीची न्हाणी झाल्याबिगर मी येत नाई."

ही गोष्ट छप्पन्न-सत्तावन्नची. मी मलेरियाच्या फवारणीवर होतो. खांद्यावर पंप, डोक्यावर टोपी आणि मागे गावची कुत्री. मला कोणी साहेब म्हणत नसे. मीच मला म्हणत असे, मनातल्या मनात.

न्हाणी बांधली. मातीच्या भिंती, वर कवेलूचं छप्पर. अंधारात साप दिसत नाही म्हणून खिडकी हवी होती. दोस्त इस्तारी सुतारकाम करायचा. त्याने कुठल्याशा पडक्या बंगल्याची खिडकी आणली, एकाच मोठ्या काचेची. मी ती बसवली कमरेच्या उंचीला. नीट मोजायला मी काही गवंडी नव्हतो. गावात काचेची खिडकी दुसऱ्या कोणाकडेच नव्हती, म्हणून मी मोठ्या तोऱ्यात सासुरवाडीला कळवलं. उत्तर आलं, "काचेतून मी गाव पाहीन, का गाव मले पाहील?"

इथे शहाण्याने गोणपाट टांगलं असतं. मी पडलो फवारणीवाला.

चांद्यात मोठ्यांच्या दारांना धुकट काच असते. उजेड येतो पण आतला माणूस दिसत नाही, वर फुलंपानं काढलेली. तशीच काच करायची ठरवली. सफेदा घेतला, जवसाच्या तेलात घोटला, टर्पेंटाइन घालून पातळ केला आणि पथकाने टाकून दिलेल्या एका हातपंपात भरला. दुरून मारला की बारीक तुषार बसतात आणि काच दहिवर पडल्यासारखी होते. आधी हात बसवायला घरातल्या काचा घेतल्या. कंदिलाची काच झाली, उजेड निम्मा झाला. आरसा झाला, मायने आठ दिवस अंदाजाने कुंकू लावलं. मग देवाच्या तसबिरीवर मारला, तेव्हा माय माझं नाव घेऊन म्हणाली, "काऊन रे कोलू, देवाले मोतीबिंदू झाला का?"

आता राहिली फुलंपानं. पान काचेला चिकटवायचं, वरून फवारा मारायचा आणि वाळलं की पान काढायचं. नक्षी आपोआप उमटते. चिकटवायला भाताची पेज होतीच. चिंचेची पानं लावली, ती पंपाच्या वाऱ्याने उडाली. मोहाचं पान वाकडं झालं. मग सागाचं लावलं, चांगलं ताटाएवढं. ते काचेच्या मधोमध असं बसलं की हललं नाही. दुसऱ्या दिवशी सोललं, तर चारी बाजूंनी दुधाळ धुकं आणि मध्ये सागाचं पान, कडा न् कडा स्वच्छ.

इस्तारी म्हणाला, "बापा! हे तं राजाच्या घरी शोभते."

अख्खं गाव बाहेर उभं राहून पाहून गेलं. न्हाणी रिकामी होती, म्हणून आतलं काही कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या तर मुळीच नाही.

चार दिवसांनी गोकुळा आली, बापाच्या बंडीतून. तिचा बाप सोमाजी बैल सोडायला उतरला, तशी ती म्हणाली, "थांबा बाबा. आधी पाहू द्या." खिडकीसमोर उभी राहिली. वाकून पानातून आत डोकावली. मला वाटलं, कलेपुढे माणूस मुका होतो.

"तुमी आत जा अन् आंघोळीले उभे राहता तसे उभे राहा."

मी खुशीने गेलो. सदरा काढून खुंटीला टांगला, धोतर खाली खोचलं. तोवर शेजारची चंदाबाई आणि विहिरीवरच्या बायाही घागरी घेऊन आल्या होत्या.

बाहेरून गोकुळाचा आवाज आला, "तुमच्या बेंबीच्या खाली एक तीळ हाय, नाई का?"

"हाय. तुले तं ठाऊकच हाय."

"आता चंदाबाईलेबी ठाऊक झाला."

घागरी हिंदकळल्या इतक्या बाया हसल्या. मी खाली पाहिलं. ताटाएवढं सागाचं पान नेमकं माझ्या पोटावर आलं होतं आणि त्यातून गोकुळाचे दोन डोळे आत पाहत होते.

सोमाजी म्हणाला, "जवाई, पान मोठं झोकदार हाय. पण जागा चुकली."

"बैल सोडू नका बाबा," गोकुळा म्हणाली. "आपुन वापस जाऊ."

मी तसाच उघडा बाहेर पळालो. पंप घेतला, दट्ट्या दाबला. सफेदा आत वाळून दगड झाला होता. अन् खरं सांगायचं तर पंप चालला असता तरी त्या पानावर फवारा मारायला माझा हात धजावला नसता.

"गोकुळा, मेहनत हाय त्याच्यात. गावात अशी कलाकुसर..."

"मंग पानासंग संसार करा." ती बंडीत चढलीही.

सोमाजीने कासरा उचलला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. भिंत लिंपून उरलेला गारा कोपऱ्यात होता, त्यावर एका बाईची घागर ओतून तो कालवला. दोन्ही ओंजळी भरून मी तो काचेवर थापला. पान गेलं, धुकं गेलं, सगळं गेलं.

"आतूनबी," ती बंडीतूनच म्हणाली.

आतूनही थापला. "आता अंधार झाला नं वं," मी म्हणालो. "साप दिसणार नाई."

"साप परवडला. गाव नाई परवडत." ती उतरली आणि भिंतीभोवती एक फेरी मारून आली. "सोडा बैल, बाबा."

त्या दिवशी ती पोटभर न्हायली, भर दुपारी. रोजच्यापेक्षा दोन घागरी पाणी जास्त लागलं, आणि ते मीच भरलं. दाराशी घागर ठेवायला वाकलो तर पलीकडच्या गावचे तिघे विचारत आले, "ते पानवाली खिडकी कुठी हाय?" मी गाऱ्याच्या हातानेच भिंत दाखवली आणि म्हणालो, "पुढं चाला. आत माणूस हाय."