कौसल्याबाईंच्या नावाचा डबा

गजाननने संघपालच्या कपाळाला माती लावली तेव्हा दाराची कडी माझ्या हातात होती. मीच ती काढली होती. खोलीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती, माणसं एकमेकांच्या खांद्यावरून मोबाईल धरून उभी होती. संघपालने तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढला, डोळे मिटले आणि त्या मातीचा वास घेतला. छाती भरून घेतला, चढाईला जायच्या आधी घ्यायचा तसा. मग कुणीतरी त्याच्या नावाचा जयजयकार केला. मी कडी धरून उभी राहिले. तीन आठवड्यांनी तो गेला.

संघपाल माझ्या भावाचा मुलगा. तुमच्यातल्या काहींनी त्याला टीव्हीवर कबड्डी खेळताना पाहिलं असेल. त्याला रक्ताचा कॅन्सर झाला होता. हैदराबादच्या दवाखान्यात उपचार झाले आणि मग घरी सोडताना तिथल्या डॉक्टरांनी मला आणि त्याच्या बायकोला, प्रज्ञाला, समोर बसवून सांगितलं. औषधांनी रोग मारलाय, पण त्याबरोबर अंगातली ताकदही मारलीय. तीन महिने गर्दी नको, धूळ नको, फुलं नकोत, कच्चं काही नको. साधा सर्दीचा माणूससुद्धा त्याच्याजवळ जाता कामा नये. एवढे तीन महिने काढा, मग बघू. प्रज्ञाने वहीत लिहून घेतलं. मला लिहून घ्यायची गरज नव्हती. मी म्हटलं, म्हणजे दार लावून ठेवायचं. ते म्हणाले, हो आजी, दार लावून ठेवायचं. एवढं एकच काम मला दिलं होतं.

संघपाल चालायला लागायच्या आत त्याची आई गेली. बाप कामासाठी बाहेरगावी. माझ्या नवऱ्याने मला टाकलं होतं. म्हणजे एक बाई रिकामी होती आणि एक पोर रिकामं होतं, दोघं एका घरात आली. माया वगैरे नंतरची गोष्ट. आमचं गाव पोखर्णीच्या अलीकडे, रस्त्याला लागून. मी गजाननच्या घरच्या शेतात कापूस वेचायला जायची. गजाननची आई, कौसल्याबाई, वाईट बाई नव्हती. दुपारी सगळ्या बायांना चहा द्यायची. आम्हा बौद्धांच्या बायांचे कप मात्र गोठ्याच्या भिंतीत खोचलेले असायचे, आम्ही ते काढायचे, धरायचे, ती वरून चहा ओतायची, आणि आम्ही धुऊन परत तिथेच खोचायचे. कितीही वाकली तरी किटलीचं तोंड कपाला लागू द्यायची नाही. हात फार स्थिर होता तिचा. संघ्या माझ्याबरोबर असायचा आणि बघायचा. तो लहानपणापासून बोलायचा कमी, बघायचा जास्त.

कबड्डी त्याने का धरली हे पेपरवाल्यांनी त्याला पुष्कळदा विचारलं, आणि तो काहीतरी चांगलं सांगायचा. मला माहीत आहे ते वेगळं आहे. शाळेच्या मैदानावर क्रिकेट चालायचं तेव्हा त्याला लांब उभं करायचे, चेंडू आणायला. कबड्डीत तसं करता येत नाही. अंगाला हात लावल्याशिवाय तो खेळच होत नाही, सात जणांनी मिळून धरावं लागतं. एकदा तो गुडघे फोडून घरी आला. मी विचारलं, "कुनी पाडलं रे?" तर हसून म्हणाला, "गजान्यानं. मांडीला मिठी मारली त्यानं, आत्या. लय जोरात." त्या हसण्याचा मला तेव्हा राग आला होता. अजूनही येतो.

पुढचं सगळं मैदानावर झालं. तालुका, जिल्हा, राज्य, मग ती टीव्हीवरची स्पर्धा. निवड झाली तेव्हा पिंगळीच्या स्टेशनवर त्याला सोडायला अर्धं गाव आलं होतं. पुढे गजानन, ढोलाच्या तालावर. त्याने गावात मंडळ काढलं, संघपालच्या नावाचं. मंडळाच्या पोरांनी संघपालच्या नंबरचे सदरे शिवून घेतले. मी आयुष्यात एवढा बदल कधी पाहिला नव्हता, आणि त्याच्यावर विश्वासही ठेवला नाही. संघपालने ठेवला. मैदानात उतरताना वाकून जमिनीला हात लावायचा आणि कपाळाला लावायचा, ती त्याची सवय तिथल्या रबराच्या मॅटवरही गेली नाही. एकदा मी म्हटलं, "त्या रबराला काय पाया पडतूस? त्याला ना वास ना चव." तो म्हणाला, "हात रबराला लागतो, आत्या. मनात आपलंच मैदान असतंय."

मग त्याचा दम कमी पडायला लागला. चढाईला गेला की अर्ध्यातून माघारी यायचा. पकडीत सापडला की उठायला वेळ लावायचा. अंगावर काळेनिळे डाग यायचे, ते खेळाचे म्हणून कुणी बघितले नाहीत. आणि तेव्हा या लोकांनी काय केलं ते मला लिहायचं आहे, कारण श्रद्धांजलीच्या सभेत ते कुणी बोललं नाही. त्यांनी त्याला शिव्या घातल्या. मोबाईलवर, रोज, शेकड्यांनी. विकला गेला म्हणाले. माज चढला म्हणाले. जातीवर गेले. प्रज्ञा आधी मला वाचून दाखवायची, मग तिने बंद केलं. पण एक मी ऐकलं होतं, ते गजाननने लिहिलेलं होतं. 'गावाचं नाव मातीत घातलंस.' त्याच्याच मंडळाच्या पानावर. संघपालने ते वाचलं होतं. फोनवर मी विचारलं तर म्हणाला, "रागात लिवलं असंल. त्येचा जीव हाय माझ्यावर." ज्याचा जीव असतो तो आधी विचारतो, बाबा रे, तुला काय होतंय. एकानेही विचारलं नाही. त्यांना खेळ दिसत होता, माणूस दिसत नव्हता.

कॅन्सरची बातमी आली आणि एका दिवसात सगळे उलटे फिरले. तीच बोटं, तेच मोबाईल. आता तो वाघ झाला, लढवय्या झाला, गावचा दागिना झाला. चौकात त्याच्या फोटोचा फ्लेक्स लागला, 'लवकर बरे व्हा', आणि खाली ज्या तेरा जणांचे फोटो होते त्यांतल्या निम्म्यांनी आधी काय लिहिलं होतं ते मला माहीत होतं. देवळात नारळ फुटले, विहारात वंदना झाली. मला विचाराल तर शिव्यांपेक्षा हे वाईट. शिव्या लांबून देता येतात. प्रेम करायला लोक घरी येतात.

आणि आले. आम्ही त्याला घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवसापासून आले. मानवतहून, परभणीहून, कुठून कुठून. मी दाराला आतून कडी घातली आणि खिडकीशी खुर्ची टाकून बसले. कुणी हार आणला तर तो खिडकीतून घेऊन शेळीला घालायची. एक जण म्हणाला, "आत्या, नुसता एक फोटो." मी म्हटलं, "आधार कार्डावर हाय की तुजा." दुसरा म्हणाला, लांबून आलोय. मी म्हटलं, तेवढंच लांब परत जायचंय, उन्हाच्या आत नीघ. एका पुढाऱ्याचा माणूस शाल आणि नारळ घेऊन सत्काराला आला होता. आजारी माणसाचा सत्कार. मी म्हटलं, "बरा झाला की करा, न्हाई झाला तर तुमाला तसंबी करायचंच हाय." प्रज्ञा आतून म्हणाली, आत्या, असं बोलू नका. पण तिने कडी काढली नाही. गावात मला डाकीण म्हणायला लागले. म्हणू देत. दोन महिने मी ते दार धरलं, आणि त्या दोन महिन्यांत त्याला साधा ताप आला नाही. हे डॉक्टरांच्या कागदावर आहे.

मग गजानन आला. दुपारची वेळ होती, ऊन होतं. बरोबर मंडळाची पोरं, ते नंबरचे सदरे घातलेली. दारापुढे उभा राहिला आणि रडायला लागला. "आत्या, माझ्याकडून लय मोठी चूक झाली. मी लिवलं ते लिवायला नगं हुतं. मला नुसतं त्येच्या पाया पडू द्या." मी म्हटलं, तितूनच पड. तेव्हा त्याने पिशवीतून डबा काढला. स्टीलचा, झाकणाचा. "शाळेच्या मैदानाची माती हाय. मध्यरेषेवरची. चाळून आनलीय, आईनं चाळली. त्येच्या कपाळाला लावतो. त्यो या मातीनं बरा हुईल, आत्या, औषधानं न्हाई."

आमच्याकडे भांड्यांवर नाव कोरून घेतात. त्या डब्यावर कौसल्याबाईंचं नाव होतं.

संघपाल आतून उठून माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. अंगात काही नव्हतं त्याच्या, भिंत धरूनच आला. त्याने खिडकीतून तो डबा पाहिला. त्याने नाव वाचलं.

"आत्या, कडी काढ."

"काढनार न्हाई. जा, पड जाऊन."

"त्यांच्या घरचं भांडं हाय ते."

"असूं दे. डॉक्टर काय म्हनले?"

"त्यांच्या घरचं भांडं आपल्या दारात आलंय, आत्या... आन आपन आत घ्यायचं न्हाई? मग त्येंच्यात आन आपल्यात काय राहिलं?"

तो तेवढ्यावर थांबला असता तरी मी कडी काढली नसती. पण तो पुढे म्हणाला, "तू त्या कपासाठी किती वर्सं वाकलीस मी बघितलंय." म्हणजे मी हे माझ्यासाठी घ्यायचं. त्याने माझ्या नावाने मागितलं. आणि मला, खोटं का बोलू, बरं वाटलं. कौसल्याबाईने स्वतः माती चाळून, स्वतःच्या डब्यात भरून, तिच्या मुलाच्या हाताने आमच्या दारात पाठवली, याचं मला एक क्षण बरं वाटलं. तेवढ्या एका क्षणात माझा हात वर गेला.

चपला मात्र सगळ्यांनी बाहेर काढल्या. ओळीने, नीट. घाण आत जाऊ नये म्हणून. पायाची माती बाहेर ठेवली आणि डबाभर माती आत आणली. एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही, मी त्या चपला बघत उभी होते. एकेकाने त्याला मिठी मारली. तो रडत होता, हसत होता. प्रज्ञा पाण्याला गेली होती, ती आली तेव्हा माती लावून झाली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या कडीकडे पाहिलं. त्याबद्दल ती अजून बोललेली नाही.

आठव्या दिवशी ताप. मग खोकला, मग परत हैदराबाद. छातीत बुरशी झाली म्हणाले. मी डॉक्टरांना विचारलं, मातीतून आली का? ते म्हणाले, आजी, हवेतही असते, धुळीतही असते, नक्की कुठून आली हे सांगता येत नाही. भला माणूस होता, कदाचित माझ्यासाठीच म्हणाला असेल. तो शिकलेला, नक्की माहीत असल्याशिवाय त्याला बोलता येत नाही. मी चौथी शिकले. मला येतं.

शेवटच्या भेटीत काचेच्या पलीकडून संघपालने हात वर केला, चढाईला जाताना करायचा तसा. सगळे म्हणतात, बघा, शेवटपर्यंत खेळाडू. मला तसं वाटलं नाही. मला वाटलं तो मला सांगत होता, तुझा काही दोष नाही. आणि मला त्याचा राग आला, की मरतानासुद्धा हा लोकांनाच सांभाळतोय.

अंत्ययात्रेला रस्ता पुरला नाही. फ्लेक्स बदलला, फोटो तेच तेरा. अंत्यविधीनंतरच्या जलदानाच्या दिवशी भाषणं झाली, मैदानाला त्याचं नाव द्यायचं ठरलं. मला बोलायला सांगितलं तर मी म्हटलं, दवाखान्यातून आणलेलं माणूस असेल त्या घरी जाऊ नका, एवढंच. माईक घेतला माझ्याकडून.

गजानन दर रविवारी येतो. आत येत नाही, पायरीवर बसतो. मीही बोलावत नाही. मागच्या रविवारी तो खाली बघून म्हणाला, "आत्या, एक विचारू? माझ्या हातानं झालं का ते?" दुसऱ्या कुणी त्याला नाही म्हटलं असतं. मी म्हटलं, "हो. तुझ्या हातानं आन माझ्या हातानं." तो उठताना म्हणाला, "आई डबा मागायली." कौसल्याबाई आता अंथरुणाला खिळलेली आहे, तिला कुणी काही सांगितलेलं नाही. तिला वाटतं तिची माती त्याला पोचली, तो सुखाने गेला.

आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत. काहीतरी घालून द्यायचं असतं. त्यात काय घालावं हे मला सुचत नाही, म्हणून तो फळीवर आहे, त्याच मातीने अर्धा भरलेला, झाकण लावून. प्रज्ञाला तो नजरेसमोर नको आहे. मी म्हटलं, राहू दे. रोज पुसते आणि परत ठेवते. दाराला आता कडी लावत नाही, लावायचं कारण राहिलं नाही.

त्या दुपारी दाराबाहेर चपलांचे अडतीस जोड होते, मी मोजले होते. अडतीस ते, शिवाय प्रज्ञा, मी आणि संघपाल. त्यातले आम्ही चाळीस जण जिवंत आहोत.