झाम्फिराच्या नावावरची नऊ वर्षं

आधीच सांगते, हे मी शांतपणे सांगणार नाहीये. सावेताचा विषय निघाला की माझं डोकं फिरतं, आणि फिरायलाच हवं.

सावेता आमच्या रुमानियाची, प्रुत नदीच्या अलीकडची. लग्न केलं ते पलीकडच्या, मोल्दोवातल्या पानासशी. पानासचे आजोबा युक्रेनमधून येऊन तिथे वसलेले, आणि आमचा पासपोर्ट पलीकडच्यांपैकी ज्यांचे आजोबा मूळचे रुमानियाचे त्यांनाच मिळतो, त्याला नाही. म्हणजे बायको युरोपीय संघाची नागरिक आणि नवरा बाहेरचा. इटलीत त्यानं तीन महिने पाहुणा म्हणून यावं, मग चालतं व्हावं. त्याला जवळ ठेवायचं तर आधी बायको इथे कागदोपत्री राहणारी, कमावणारी हवी. अशी पाच वर्षं भरली की तिला कायमचा रहिवास मिळतो, मग कुणी पगारही विचारत नाही.

सावेता इथे इटलीत, रोविगो गावात म्हाताऱ्या ओत्ताविया सिन्योराचं सगळं करत होती. नऊ वर्षं! अंघोळ घाल, गोळ्या दे, रात्री हाक आली की उठ. आम्ही सगळ्या इथे हेच करतो, आणि बऱ्याच जणी बदलीवर करतात. एका म्हातारीला दोन बाया, तीन महिने ही, तीन महिने ती. रविवारी स्टेडियमच्या मागे गावाकडची मिनीबस लागते. एक उतरते, किल्ली घेते, आणि दुसरी त्याच बसनं नवऱ्याकडे निघते. कंत्राट मात्र एकीच्याच नावावर, कारण दोन कंत्राटांचा व्याप घरमालकांना नको असतो.

त्या घरचं कंत्राट झाम्फिराच्या नावावर होतं. झाम्फिरा म्हणजे सावेताच्या लेकीची धर्ममाता, बाप्तिस्म्याला पोरीला हातावर घेतलेली. आमच्यात हे नातं सख्ख्या बहिणीपेक्षा जवळचं. तिच्याकडे लेखी कागद मागायचा म्हणजे तिच्या तोंडावर थुंकल्यासारखं. सावेतानं मागितला नाही. पगार झाम्फिराच्या खात्यात यायचा आणि तिथून सावेताचा वाटा चोख मिळायचा, मग संशय कसला घेणार? आणि त्या घरात दोघींना हाक एकच, झाम्फिरा! म्हातारीची मुलगी लोरेदाना हसून म्हणायची, "तुमची नावं कुठे लक्षात ठेवत बसू गं?" दोन नावं लक्षात राहात नाहीत मेलीच्या, आणि म्हणे कॉलेजात शिकवते!

मग साखरेनं पानासचे डोळे जायला लागले. एके दिवशी फोनवर सहज म्हणाला, "चुलीवर हात भाजला गं, थोडासाच." नंतर शेजारणीकडून कळलं, तळहाताची साल निघाली होती. तिथे त्याला कुणी नाही, लेक आयर्लंडला. सावेता म्हणाली, "पुरे झालं. त्याला इथे आणते. कंत्राट कुणाच्याही नावावर असो, इथे राबून मला नऊ वर्षं झालीत, माझा कायमचा रहिवास मागते."

मला इटालियन बरं येतं म्हणून मी सोबत नगरपालिकेच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या मुलीनं संगणकात पाहिलं, परत पाहिलं.

"तुमच्या नावावर इथे काहीच नाही. नोकरी नाही, पत्ता नाही."

"मी अर्धं वर्ष गावी असते ना, म्हणून का?" सावेतानं विचारलं.

"छे, छे! वर्षातले सहा महिने बाहेर राहिलेलं चालतं. तुमच्या नावाचं कंत्राट असतं ना, तर हे काम कधीच झालं असतं."

ऐकलंत? कायद्यानं तिला अडवलं नव्हतंच. दोघींची दोन कंत्राटं असती तर दोघींनाही मिळालं असतं! सावेता जिन्यातच खाली बसली. मला इतका संताप आला की मी तिलाच ओरडले, "ऊठ, रडायचं नंतर!"

तिथून थेट लोरेदानाकडे. ती म्हणाली, "हे तुमचं तुम्ही आपसात ठरवलं होतं. मी काय करू?"

"काय करू? तुमच्या आईचं ढुंगण धुतलंय हिनं," मी म्हटलं. इटालियनमध्ये हे फार वाईट दिसतं म्हणे. दिसू दे.

रविवारी झाम्फिरा बसमधून उतरली. तिला स्वतःचा कायमचा रहिवास केव्हाच मिळाला होता, नवरा तर आमच्याच पासपोर्टचा, त्याला कागदांची अडचणच नव्हती. सावेतानं किल्ली तिला न देता आपल्याच हातात ठेवली.

"झाम्फिरा, माझ्याबरोबर चल. अर्धं काम मी केलं एवढंच सांग."

"वेडी का तू? चौकशी लागेल माझ्यामागे. जमा होत आलेली पेन्शन कापतील."

"ती पेन्शन माझ्या कामाची आहे."

"पैसे दिलेत ना तुला? एक तरी बुडवला का?"

"पानास आंधळा होतोय गं."

झाम्फिरा खाली बघत म्हणाली, "मग तू घरी जा ना त्याच्याजवळ. बस उभीच आहे."

काय म्हणायचं अशा बाईला! पोरीला देवासमोर हातावर घेतलेली बाई ही. सावेता बसमध्ये चढली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही कामगार संघटनेच्या मदत कचेरीत गेलो. तिथल्या माणसानं नीट समजावलं. तक्रार केली तर झाम्फिराचा रहिवास बहुतेक राहील, कारण अर्धं वर्ष ती खरीच इथे असायची. पण चौकशी होईल, आणि जुनी वर्षं सावेताच्या पदरात पडतील याची खात्री नाही. मी विचारलं, "नक्की करायची?" सावेतानं पेन घेतलं आणि सही केली.

संघटनेच्या वकिलानं घाबरवल्यावर लोरेदाना सुतासारखी सरळ झाली. सावेताच्या नावाचं कंत्राट निघालं, त्यावर पत्ता लागला, त्यावर पानासचा अर्ज घेतला गेला. पाच वर्षं मात्र आता शून्यापासून. नऊ वर्षं खड्ड्यात! पण पानास आला, तो येईपर्यंत एका डोळ्यात थोडा उजेड तेवढा उरला होता.

सावेता त्याला रविवारी बागेत घेऊन आली, आमच्या बाकांपाशी. बदलीवरच्या सगळ्या होत्या, झाम्फिराही होती. सूर्यफुलाच्या बिया फोडत, खिदळत बसलेल्या. सावेताला पाहिलं आणि एकजात गप्प झाल्या. तिनं तक्रार केली, आता आपल्याही घरी तपासणीवाले येणार, ही भीती. माझ्याही तोंडचा शब्द क्षणभर गेला, खोटं कशाला बोलू.

पानास काठी टेकत उभा राहिला. हसऱ्या चेहऱ्यानं त्यानं इकडे तिकडे मान फिरवली.

"सावेता, तू म्हणालीस सगळ्या मैत्रिणी असतात रविवारी," तो म्हणाला. "आज कुणीच आलं नाही वाटतं?"