माशीच्या आधी फुलापाशी

कुंदाताईंच्या पिशवीतून कॅमेरा निघायच्या आधी मी आतलं इंजेक्शन चाचपून घ्यायची. वलगावच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या, मी भूगोल. दर रविवारी बांधावर बसून त्या फुलांवरच्या मधमाश्यांचे फोटो काढायच्या, इतक्या जवळून की माशीच्या पायाला चिकटलेले परागही दिसावेत. आणि नेमकं याच बाईंना मधमाशीचं विष सोसत नव्हतं! एकदा चावली तेव्हा घसा सुजून श्वास कोंडला होता. पुन्हा चावली तर लगेच मांडीत इंजेक्शन, नाहीतर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

ते टोचायचं काम माझं. ताईंनी संत्र्यावर सराव करायला लावला. माझा हात असा थरथरायचा की रस मनगटावर ओघळायचा.

"काहून भेतं वं? संत्रं तरी जितं ठेव!" त्या हसायच्या. मला हसू येत नसे.

"माशीच्या मांगं धावू नोको," त्या सांगायच्या, "ते ज्या फुलावर येनार, तिथं पयलेच जाऊन बस." मग एकाच फुलावर कॅमेरा रोखून पाऊण-पाऊण तास हलायच्या नाहीत. सोबत येणाऱ्यानं गजरा, तेल, पावडर काही लावायचं नाही, वासानं माश्या अंगावर येतात, हा त्यांचा कडक नियम.

शेवटी मलाच ती धास्ती सोसेना. दिवाळीनंतर मी काहीबाही कारणं सांगून जाणं बंद केलं. पण घरात तरी कुठे चैन होतं? आज त्या एकट्याच बसल्या असतील, हाच घोर. संक्रांतीनंतरच्या एका रविवारी शेजारचं हळदीकुंकू आटोपलं आणि मला राहवेना. तशीच स्कूटी काढून वलगावला गेले.

कोथिंबिरीचा वाफा पांढऱ्या फुलांनी भरला होता. "ये, सांबार लय फुललाय, इथं बस," म्हणत ताई सरकल्या. मी शेजारी टेकले. थोड्याच वेळात एक माशी माझ्या हाताभोवती घोटाळू लागली. मी हात झटकला आणि ती ताईंच्या मानेला चावली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मनगटावर हळदीकुंकवाचं अत्तर होतं.

ताईंचे ओठ सुजले, शब्द फुटेना. इंजेक्शन कसं टोचलं ते आठवत नाही. हात थरथरला नाही, एवढंच आठवतं. अमरावतीच्या दवाखान्यात दोन दिवस काढून त्या घरी आल्या. अत्तराचं मात्र मी बोलले नाही. मन सारखं खात होतं.

उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या आणि अकोल्याला जठारपेठेत भावाकडे राहायला निघाल्या. बसमध्ये पिशवी वर देताना मी एकदाचं सांगून टाकलं, "ताई, त्या दिवशी माझ्या हाताला अत्तर होतं."

"मले वास आला होता, तू बांधावर चढली तवाच."

"मग मला हाकललं का नाही?"

"तीन महिने तुही जागा धरून बसली होती मी. परत जा म्हनलं असतं, तं तू पुन्हा आली असती का?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं. पण त्यांच्याशी खोटं बोलवलं नाही.